शीतगृहांतील कोंडलेली हवा आणि तिची वाट

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा माल पूर्वीं शेतांतून निघाला कीं एक तर बाजारांत जाई, नाहीं तर घरांत राही. आतां तिसरी जागा निर्माण झाली आहे. तासगांव, मिरज व सांगली या भागांतील बेदाणा शीतगृहांत जातो. हळद व गूळ यांचाही पुष्कळ सांठा तेथें होतो. महाबळेश्वर-पांचगणीकडील स्ट्रॉबेरी गोठवून ठेवण्याच्या खोल्यांत शिरते. वर्षाची कमाई आपण एका जाड दाराआड ठेवतों आणि पावती खिशांत घालून घरीं येतों. आंत थंडी किती राखतात हें आपण विचारतों, भाडें किती हें तर विचारतोंच. परंतु त्या खोलींतील हवेस आंत-बाहेर करण्यास वाट ठेविली आहे कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारला पाहिजे, आणि त्याचें उत्तर लेखी मागितलें पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. त्याचीं कारणें वाचकांपुढें मांडतों.

हवेला वजन आहे व ती प्रत्येक वस्तूस चोहोंकडून दाबीत असते, हें आपण शाळेंत शिकलों. पण तो दाब दोन्ही बाजूंनीं सारखा असल्यामुळें जाणवत नाहीं, आणि न जाणवणारी गोष्ट माणूस विसरतो. सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनींतील माग्देबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फोन गेरिके यानें तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांस जुळवून त्यांच्या पोटांतील हवा पंपानें काढून घेतली. मग दोन्ही बाजूंस घोडे जुंपून ओढविले, तरी ते अर्धगोल सुटेनात. त्यांस ना खिळा होता, ना सरस. बाहेरच्या हवेनें ते दाबून धरिले होते, इतकेंच. आंत हवा सोडतांच ते आपोआप वेगळे झाले. हाच प्रकार लहान प्रमाणावर आपल्या शीतगृहाच्या दारावर, भिंतींवर व छतावर रोज घडत असतो. फरक इतकाच कीं, तेथें पंपाचें काम थंडी करते.

तें कसें, याचा हिशेब अवघड नाहीं. हवा थंड झाली कीं आक्रसते व तापली कीं फुगते. बंद जागेंत तिला आक्रसतां किंवा फुगतां आलें नाहीं, म्हणजे तिचा दाब उतरतो किंवा चढतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब एका चौरस मीटरवर सुमारें ९,७०० किलो पडतो. पूर्ण बंद खोलींतील हवा एक अंश सेल्सिअसनें थंड झाली तर हा दाब अंदाजें तीनशेंव्या हिश्श्यानें उतरतो. म्हणजे चौरस मीटरमागें सुमारें ३२ किलोंचा फरक पडतो. आतां २० मीटर लांब, १० मीटर रुंद व ५ मीटर उंच अशी एक खोली घ्या. तिचें छत २०० चौरस मीटरांचें झालें. एका अंशाच्या फरकानें त्या छतावर बाहेरून ६,४०० किलो भार येतो. बेदाण्याचीं १५ किलोचीं खोकीं धरलीं, तर सुमारें ४२५ खोकीं छतावर रचल्यासारखें झालें. आणि हा हिशेब केवळ एका अंशाचा आहे. ३० अंशांची खोली ५ अंशांपर्यंत उतरवावयाची तर फरक २५ अंशांचा होतो. हवेस कोठूनच वाट मिळाली नाहीं, तर दर चौरस मीटरवरील भार ८०० किलोंपर्यंत जाईल. असा भार कोणतेंही हलकें छत सोसणार नाहीं.

कोणी म्हणेल, मग आजवर सगळीं शीतगृहें कोसळलीं कां नाहींत? याचें उत्तर असें कीं, कोणतीही खोली पूर्णपणें बंद नसते. सांध्यांतून, दाराच्या कडेंतून, नळ व तारा जेथें भिंत भेदून जातात तेथून थोडी हवा पाझरते आणि फरक भरून काढते. थंडी सावकाश वाढली तर हें पाझरणें पुरतें. परंतु जेव्हां फरक झपाट्यानें होतो, तेव्हां पाझर अपुरा पडतो. दार बराच वेळ उघडें ठेवून गरम माल भरला आणि मग दार बंद करून यंत्र पूर्ण जोरानें सोडलें, कीं आंतली हवा भराभर आक्रसते. उलट, यंत्राच्या नळ्यांवर सांचलेला बर्फ वितळविण्यासाठीं उष्णता दिली किंवा वीज जाऊन खोली तापूं लागली, कीं हवा फुगते व भिंतींस बाहेर ढकलते. एका दिवसांत खोली अशी अनेक वेळां आंत ओढली जाते व बाहेर लोटली जाते. लोखंडाची तार वारंवार वाकविली तर ती शेवटीं तुटते. खोलीच्या सांध्यांचेंही तसेंच आहे.

ही अडचण आपल्या वाडवडिलांस नव्हती, याचेंही कारण समजून घेण्यासारखें आहे. कणगी बांबूची किंवा तुरकाट्यांची विणलेली, वरून शेणमातीनें सारवलेली. ती स्वतःच श्वास घेई. भिंतींतील बळद बंद असे खरें, पण त्यांत थंडीचें यंत्र नव्हतें. पहिलीं शीतगृहें विटांचीं झालीं. आंतून थर्माकोल किंवा तत्सम अस्तर असे, आणि त्यांस इतक्या फटी असत कीं हवेनें आपली वाट आपणच शोधावी. आतांच्या खोल्या पफच्या फळ्यांच्या असतात. दोन पत्र्यांमध्यें कठीण फेस भरलेली ही फळी शेजारच्या फळींत अडकते, सांधे लुकणानें भरतात, दारास सगळीकडून रबर बसवितात. थंडी राखण्याच्या दृष्टीनें हें बांधकाम निःसंशय उत्तम आहे. पण जी घट्टपणाची थोरवी, तीच दाबाच्या बाबतींत उणीव ठरते. जितकी खोली घट्ट, तितकी हवेस राखून ठेविलेली वाट अधिक अवश्य, हा साधा नियम होय. आणि नव्या खोल्या बांधतांना पुष्कळदां त्याचाच विसर पडतो.

नुकसान एकदम होत नाहीं, म्हणून तें नजरेंत भरत नाहीं. प्रथम दार जड जातें. दोन चौरस मीटरांच्या दारावर अर्ध्या अंशाच्या फरकानें ३२ किलोंचा भार येतो, व तो दारास चौकटीवर दाबून धरतो. हमाल पहार घालून दार उचकटतो; दार उघडतें, पण रबर फाटतें. फाटलेल्या रबरांतून थंडी जाऊं लागते व विजेचें बिल वाढतें. मग सांधे उकलतात. त्या बारीक फटींतून पावसाळ्याची ओलसर हवा आंत खेचली जाते, फळीच्या पोटाशीं थंड पत्र्यावर तिचें पाणी होतें, आणि अस्तर भिजून त्याचा थंडी राखण्याचा गुण कमी होतो. छताच्या सांध्यांतून थेंब गळूं लागले म्हणजे ते खालच्या खोक्यांवर पडतात. ओल लागलेला बेदाणा चिकटतो, काळवंडतो व सौद्यांत त्याचा भाव उतरतो. शेतकऱ्यास सांगतात, "माल मुळांतच ओला होता." तो बिचारा काय बोलणार? त्याच्या हातीं फक्त पावती असते. खोलीचा इतिहास त्याच्याजवळ नसतो.

यावरील उपाय स्वस्त आहे व जगभर रूढ आहे. भिंतींत योग्य त्या आकाराचें एक भोंक ठेवून त्यांत दोन्ही बाजूंस उघडणारी हलकी झडप बसवितात. कारागीर तिला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. आंतला दाब उतरला कीं ती आंत उघडून बाहेरची हवा घेते. दाब चढला कीं बाहेर उघडून आंतली हवा सोडते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या कीं आपल्याच वजनानें मिटते. घरच्या कुकरची शिट्टी हें तिचेंच भावंड. मात्र शिट्टी एकाच बाजूस हवा सोडते, हिला दोन्ही बाजूंस काम करावें लागतें. शून्याखालील खोल्यांत एक अधिक काळजी घ्यावी लागते. तेथें ओलसर हवा झडपेशीं गोठून झडप बर्फानें जाम होते, म्हणून तिला थोडी ऊब देणारी विजेची तार बसवावी लागते. स्ट्रॉबेरी गोठवून ठेवणाऱ्यांनीं ही तार चालू आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहिलें पाहिजे. तार बंद असलेली झडप आणि नसलेली झडप यांत फारसा भेद नाहीं.

झडप बसविली म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. एका गोदामांत मीं स्वतः पाहिलें कीं, झडपेच्या तोंडांत गोणपाट कोंबून वर चिकटपट्टी लाविली होती. चौकशी करतां राखणदार म्हणाला, "साहेब, इथून थंडी जाते आणि उंदीरबी येतात." त्याचा हेतु वाईट नव्हता, भोंक म्हणजे गळती, ही समजूत मात्र खोटी होती. उंदरांचें भय असेल तर बाहेरून बारीक जाळी लावावी व ती वेळोवेळीं झाडावी. थंडीचें म्हणाल, तर पुन्हां हिशेबच करूं. वर घेतलेल्या खोलीचें पोट १,००० घनमीटरांचें आहे. एक अंश थंड होतांना दाब सारखा राखण्यास तिला बाहेरून सुमारें सव्वातीन घनमीटर हवा लागते. दार एकदां माल आणण्यासाठीं उघडलें तर यापेक्षां कितीतरी अधिक हवा आंत-बाहेर होते. शिवाय झडप बुजविल्यानें ती हवा येण्याची थांबत नाहीं. ती सांधे फोडून येते. दरवाजानें येणाऱ्या पाहुण्यास दरवाजा बंद केला, म्हणून त्यानें भिंत फोडून यावें, अशांतली ही काटकसर आहे.

येथवर खोलीचा विचार झाला. आतां खोलींत शिरणाऱ्या माणसाचा विचार केला पाहिजे, आणि त्यासाठीं आपल्याच भागांतील एक जुना धडा हाताशीं आहे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर हें गांव आहे. तेथील नदीकाठच्या खोल व घट्ट मातींत हळद सांठविण्याचीं पेवें होतीं. जमिनींत खोल खणलेला, तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद असा हा खड्डा. आंतून पाला व चटया यांचें अस्तर देऊन त्यांत हळद भरीत व तोंड मातीनें बंद करीत. हळद वर्षानुवर्षें टिके व तिला कीड लागत नसे. सांगलीच्या हळदीचा लौकिक वाढविण्यांत या पेवांचा वांटा मोठा आहे. त्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. २००५ च्या महापुरांत पेवांत पाणी शिरून हळदीची मोठी हानि झाली, आणि त्यानंतर पेवांचा प्रघात झपाट्यानें मागें पडून व्यापार गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला.

पेवास दाबाची भीति नव्हती, कारण त्याच्या चहूंबाजूंस पृथ्वीच होती. पण कोंडलेल्या हवेचा दुसरा दोष तेथें पुरेपूर होता. बंद पेवांत प्राणवायु हळूहळू खर्च होतो व कार्बन डायऑक्साइड वाढतो. कीड मरते ती याच कारणानें. आणि जेथें कीड जगत नाहीं तेथें माणूसही जगत नाहीं. म्हणून पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नसे. तोंड मोकळें करून कांहीं तास थांबत, आणि पेव असो वा जुनी विहीर, उतरण्यापूर्वीं दिवा खालीं सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. दिवा विझला तर माणूस खालीं जात नसे. लक्षांत घ्यावें कीं, या लोकांस बंद करण्याची विद्या जितकी येत होती, तितकीच उघडण्याचीही येत होती. बंद करणें आणि उघडणें या दोन्ही क्रियांस त्यांनीं नियम लावले होते. आपण पहिल्या क्रियेसाठीं लाखो रुपयांचें यंत्र आणलें आणि दुसरी क्रिया हमालाच्या पहारीवर सोडली.

दिव्याची परीक्षा आतां पुरेशी समजूं नये, हेंही येथेंच सांगतों. मोकळ्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. तो १६-१७ वर आला म्हणजे ज्योत विझते, आणि १० च्या खालीं गेला तर माणूस अल्पावकाशांत बेशुद्ध पडतो. परंतु कार्बन डायऑक्साइड घातक होण्याइतका वाढला असतांही कधीं कधीं ज्योत जळत राहते. आणि गोबरगॅससारखा जळणारा वायु असेल तेथें दिवा नेणें म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. आतां प्राणवायु मोजण्याचें हातांत धरण्याजोगें यंत्र मिळतें. केळीं पिकविण्याच्या खोल्या, ताज्या फळांच्या बंद खोल्या व जमिनीखालील टाक्या यांसाठीं तें हवेंच. फळें तोडल्यावरही श्वास घेत असतात, हें विसरून चालणार नाहीं.

शीतगृहांतील हमालास तर दोन्ही संकटें एकाच वेळीं येऊं शकतात. तो आंत असतां दार लागलें व यंत्र जोरांत चालू झालें, तर बाहेरची हवा दारास दाबून धरते. आंतून ढकलण्यास त्याचें बळ पुरत नाहीं. अंधार, थंडी व जाड भिंती यांमुळें त्याची हांक बाहेर ऐकूं जात नाहीं. झडप चालू असेल तर दार इतकें जड होतच नाहीं. म्हणजे ही झडप मालाची जशी राखण करते, तशीच माणसाचीही करते. तिच्या जोडीला आंतून उघडणारी कडी व आंतून वाजविण्याची घंटा हीं प्रत्येक खोलींत असलींच पाहिजेत.

येथें एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. पुष्कळ शीतगृहांचीं यंत्रें अमोनियावर चालतात व त्या यंत्रास स्वतःची सुरक्षेची झडप असते. संचालकांस विचारलें तर ते त्या झडपेकडे बोट दाखवितात. ती निराळी व तिचें काम निराळें. ती यंत्राच्या टाकींतील अमोनियाचा दाब सोडते. खोलींतील हवेशीं तिचा संबंध नाहीं. दोन्ही हव्यात, एकीनें दुसरीची उणीव भरून निघत नाहीं.

आतां करावयाचें काय? महसुली कामांत आयुष्य गेल्यामुळें मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. पंचनामा नुकसान झाल्यावर लिहितात, नोंदवही नुकसान होण्यापूर्वीं. पंचनाम्यानें गेलेला माल परत येत नाहीं. नीट ठेविलेल्या नोंदवहीनें पंचनाम्याची वेळ पुष्कळदां टळते. म्हणून शेतकऱ्यांच्या संस्थांनीं पुढील गोष्टी आपल्या नियमांत घालाव्या. एक, प्रत्येक थंड खोलीस तिच्या आकाराच्या व यंत्राच्या जोराच्या मानानें झडप असावी, आणि तो आकार बांधणाऱ्यानें लेखी द्यावा. दोन, दर आठवड्यास झडप हातानें हलवून पाहावी व तारीख घालून सही करावी. शून्याखालील खोल्यांत ऊब देणारी तारही तपासावी. तीन, गरम माल भरल्यावर थंडी टप्प्याटप्प्यानें उतरवावी. चार, दार जड गेलें तर पहार न लावतां प्रथम झडप पाहावी, आणि तशी प्रत्येक वेळ वहींत लिहावी. कारण जड दार ही खोलीची पहिली तक्रार असते. पांच, आंतली कडी व घंटा यांची परीक्षा महिन्यास एकदां व्हावी, आणि ती त्या खोलींत रोज काम करणाऱ्या हमालाकडूनच करवावी.

या पांचांपैकीं एकाही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. एका बिघडलेल्या दाराची दुरुस्ती झडपेपेक्षां महाग पडते. भिजलेल्या मालाचें तर बोलावयासच नको. अडचण पैशाची नाहीं, लक्ष्याची आहे. जी वस्तु भाडें वाढवीत नाहीं व दिसावयास नुसतें भोंक असते, तिची आठवण चालकास आपण होऊन राहणार नाहीं. ती मालाच्या धन्यानें करून दिली पाहिजे. सभासदांनीं वार्षिक सभेंत नफ्या-तोट्याबरोबर ही वहीही टेबलावर मागावी. खासगी शीतगृहांत माल ठेवणाऱ्यांनीं पांच-दहा जण मिळून एकदां आंत जाऊन पाहावें. पाहुण्यांस दाखविण्यासारखी जागा ती नसेल, पण वर्षाची कमाई जेथें ठेवावयाची ती जागा धन्यानें पाहिली तर त्यांत कोणाचा अपमान नाहीं.

येत्या हंगामांत बेदाण्याचीं खोकीं शीतगृहाच्या दारीं उतरतील तेव्हां प्रत्येकानें पावतीवर सही करण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: "या खोलीची झडप कोठें आहे, आणि ती शेवटीं कोणी व केव्हां तपासली?" उत्तर तत्काळ व तारखेसह मिळालें तर माल खुशाल ठेवावा. उत्तर देणारा इकडे-तिकडे पाहूं लागला, तर गाडी दुसऱ्या दाराकडे वळवावी.